रंगिपोच्या वाळवंटात दादा ड्युटीवर

दादा, आज दुपारी मी तुमच्या लेकीला फोन करणार आहे, आणि माफी मागणार नाही.

हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. उलटसुलट काही कानावर येण्यापेक्षा सुनेच्या तोंडूनच कळलेलं बरं. अभय गुरुवारी साताऱ्याहून परत आला. तुमचे दिवस ताईंच्या घरीच झाले. म्हसवडला माणगंगेत सध्या टिपूस नाही, म्हणून अस्थी संगम माहुलीला सोडल्या. येताना त्यानं ताईंनी केलेलं मेतकूट आणलं आणि ताईंचा निरोप आणला. मेतकूट आल्या आल्या दिलं. निरोप द्यायला त्याला दोन दिवस लागले.

"ताई म्हणाली, माधवीनं एकदा म्हणावं की माझं चुकलं. मग मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

चुकलं काय, तर हृदयाचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी ऑकलंडहून पार वाळवंटातल्या डोंगरावर नेलं. नेलं ते नेलं, वर त्याच्या हातात रंगाचा ब्रश दिला. आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही जेवून दुपारचे आडवे झालात ते उठलाच नाहीत.

"म्हणून टाक ना एकदा," अभय काल म्हणाला. "तुझं काय जातंय?"

"माझं काहीच जात नाही. दादांचं जातं."

"म्हणजे?" त्यानं विचारलं. मलाही ते बोलून झाल्यावरच नीट कळलं. मी चुकलं म्हणाले, की तुमची ती शेवटची सहल चूक ठरते. तुमचे दोन सर्वांत आनंदाचे दिवस मी तुमच्याकडून काढून घ्यायचे आणि ताईंच्या समाधानासाठी 'अपघात' म्हणून जमा करायचे. ते माझ्याच्यानं होणार नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्यानं जन्मभर कान धरून उभं राहायचं, असं कुठे लिहिलंय?

अभयला तर त्या डोंगरावरच्या लॉजचं सभासदत्वच सोडायचंय. येत्या शुक्रवारी राणीच्या वाढदिवसाची सुट्टी धरून आपलं बुकिंग आहे, ते रद्द कर म्हणतो. "मला ती जागा बघायची नाही," एवढंच बोलतो आणि उठून जातो.

त्या जागेशी तुमची पहिली भेट आठवते का? आई गेल्या, तुम्ही म्हसवडचं घर ताईंच्या हवाली केलंत आणि आमच्याकडे आलात, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. उभा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेला. गाड्या सोडायच्या, अडवायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांना झापायचं, प्रवाशांच्या शिव्या खायच्या. असा माणूस आमच्या शांत गल्लीत येऊन पडला. अभयनं तुमच्यासाठी पाय वर करता येणारी आरामखुर्ची आणली होती. लेकाची माया, दुसरं काय! तुम्ही पाणी घ्यायला उठलात तरी तो "दादा, बसा, मी देतो" म्हणायचा. मीही म्हणायचे. सासऱ्यांना पाणी घ्यायला उठू दिलं, तर माझ्या माहेरचा उद्धार झाला असता. तुम्ही निमूट बसायचात. एकदाच म्हणालात, "मला डेपोत लावलंय." आम्ही हसलो. तुम्ही हसला नव्हतात.

मग अभयच्या ऑफिसातल्या कोणीतरी त्या क्लबाचं सुचवलं. नॅशनल पार्कच्या आत, रुआपेहू डोंगराच्या पूर्वेच्या अंगावर, सभासदांनीच बांधलेलं आणि सभासदांनीच चालवलेलं लॉज. तुमच्या नातीला, ईशाला, स्की शिकायचं होतं म्हणून आपण निघालो. डेझर्ट रोड सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि तुम्ही खिडकीला नाक लावलंत. दोन्हीकडे नुसती करडी-तांबडी वाळू, खडी, मध्येच कुठे चिकटून बसलेली खुरटी झुडपं, आणि समोर बर्फानं भरलेला डोंगर.

"हे काय म्हणायचं?"

"रंगिपोचं वाळवंट, दादा."

"पाऊस पडत नाही?"

"पडतो की. भरपूर पडतो. वर बर्फही."

"पाऊस पडतो आणि वाळवंट? अगं, माणदेशात पाऊसच पडत नाही, तिथं उगवत नाही यात आमचा काय दोष? इथं सगळं असून उगवत नाही. याला वाळवंट नाही, आळशी म्हणतात."

मी ज्वालामुखीची राख सांगितली, वारा सांगितला, रात्रीचं दहिवर गोठून मुळं उपटली जातात ते सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सबबी आहेत." हा वाद आपला चार हिवाळे चालला. दर खेपेला त्याच वळणावर तुम्ही तो उकरून काढायचात. मधल्या काळात मी वाचनालयातून पुस्तकं आणून तयारी करायचे, तरी तुम्ही हरायला तयार नव्हतात. जित्याची खोड म्हणतात. तुमची तर नंतरही गेली असेल असं मला वाटत नाही.

त्याच वळणाच्या पुढे ती नदी लागते. डोंगरमाथ्यावरचं तळं कधीतरी बांध फोडून त्या नदीतून खाली येणार, म्हणून तेव्हा इशाऱ्याची यंत्रणा बसवली होती. मी तुम्हाला पाटी वाचून दाखवली. "म्हणजे येणार हे नक्की, पण कधी ते सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात. "एसटीच की!"

लॉजमध्ये पाय ठेवला आणि जोन भेटली. ऐंशीच्या पुढची, काठीसारखी ताठ, आखूड पांढरे केस. नवरा गेल्यावरही एकटी यायची. तिथे नोकर नाहीत, मॅनेजर नाही. आलेल्या प्रत्येकानं काम उचलायचं. कोणी लाकडं आणायची, कोणी भांडी, कोणी झाडलोट, आणि कोणी काय करायचं ते जोन ठरवायची. तिथे त्याला ड्युटी म्हणतात. हा शब्द ऐकल्यावर तुमचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. किती दिवसांनी कोणी तुमच्याशी तुमच्या भाषेत बोललं होतं!

जोननं तुमच्यापुढे बटाट्यांचं पातेलं ठेवलं आणि सोलाणं दिलं. समोर स्वतः बसली, गाजरं घेऊन. तुमचा एक बटाटा सोलून होतोय, तोच अभय आला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. सगळ्या गोऱ्या लोकांदेखत आपला बाप बटाटे सोलतोय! त्यानं तुमच्या हातातून सोलाणं काढून घेतलं. "दादा, उठा तुम्ही, हीटरजवळ बसा." आणि एका म्हाताऱ्या माणसाला उठवलं आणि दुसरं तसंच ठेवलं हे बरं दिसणार नाही, म्हणून त्यानं जोनच्याही हातातली सुरी हळूच घेतली. "प्लीज, यू टू. यू सिट. आय विल डू."

आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. जोननं वर बघून विचारलं, "व्हाय, डिअर? हॅव आय डाइड?"

अभय लालबुंद. तो आपला समजावतोय, की वडीलधाऱ्यांचा मान, आमची पद्धत, तुम्ही आमच्या वडिलांचे पाहुणे, म्हणजे वडील तुमचे पाहुणे. जोननं सुरी परत घेतली. "देअर आर नो गेस्ट्स हिअर," ती म्हणाली. मग अभयच्या हातातलं सोलाणं घेऊन तिनं ते तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, लेकाकडे बघितलंत, आणि दुसरा बटाटा उचललात. अभयला त्या दिवशी संडास-बाथरूमची ड्युटी मिळाली. ती शिक्षा होती की योगायोग, हे आपण कितीदा चघळलंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आपण होऊन एक ड्युटी वाढवून घेतलीत. जिन्याच्या तळाशी उभं राहून, हाताचा कर्णा करून, अस्सल स्टँडवरच्या आवाजात पुकारलंत, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! पॉरिज खाऊन डोंगराकडे जाणारी मंडळी, आपली गाडी स्वयंपाकघरात उभी आहे!" एका अक्षराचा अर्थ न कळता सगळं लॉज पायजम्यात खाली उतरलं. त्यानंतर आपण ज्या ज्या हिवाळ्यात गेलो त्या त्या वेळी लोक विचारायचे, तुमचे दादा आलेत ना?

घरी आल्यावर मात्र खरी पंचाईत झाली. तुम्ही खुर्चीत बसेनात. "माझी ड्युटी सांग," म्हणून माझ्या मागे लागलात. मी आढेवेढे घेतले, तर स्वतःच घेऊन टाकलीत. भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, ईशाला शाळेत सोडणं-आणणं. ती पोर मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत बोलायची, तुम्ही इंग्रजीत ऐकायचात आणि मराठीत बोलायचात. तुमचं दोघांचं बरं चालायचं. वाटेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराशीही तुम्ही अशीच ओळख केलीत. तो तुम्हाला "किआ ओरा" म्हणायचा, तुम्ही त्याला "रामराम".

आणि मग आपल्या मराठी मंडळींतल्या त्या बाई जेवायला आल्या. मी सांगून ठेवलं होतं, दादा, आज फक्त बसा, माझ्यासाठी. तुम्ही बरोबर त्याच वेळी मटाराच्या शेंगांची परात घेऊन हॉलमध्ये आलात. बाईंनी परातीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "सासऱ्यांना छान कामाला लावलंयस हं." पुढे महिनाभर ते चार घरांतून फिरून माझ्याकडे परत येत होतं. मी तुमच्यावर चिडले होते. "तुम्हाला मजा वाटते, बोलणी मला बसतात," म्हणाले. तेव्हा तुम्ही दिलेलं उत्तर मला हल्ली रोज उपयोगी पडतं. "गाडी लेट झाली की लोक शिव्या कंट्रोलरलाच देतात. म्हणून काय गाडी सोडायचीच नाही?"

गेल्या डिसेंबरात तुमच्या छातीत दुखलं. हॉस्पिटल, स्टेंट, गोळ्या. तुम्ही घरी आलात आणि ती खुर्ची पुन्हा खिडकीशी आली. या वेळी अभयला मी अडवलं नाही, कारण मीही घाबरले होते. औषधांच्या दुकानात रोज काउंटरमागे उभी राहते मी, अशा गोळ्यांच्या पिशव्या रोज लोकांना देते, आणि तुमच्या पिशवीतल्या गोळ्या तीन-तीनदा मोजून बघायचे. परात गेली, कपडे गेले, ईशाची शाळाही गेली. डॉक्टर म्हणत होते की चालूफिरू द्या. आम्ही दोघं त्यांच्यावर वरताण. तुम्ही भांडला नाहीत. तेच वाईट होतं. ताटात अर्धी पोळी टाकायचात. "पुरे" हा एकच शब्द. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणंसुद्धा सोडून दिलंत.

आणि मग एप्रिलमध्ये क्लबातून निरोप आला, की शनिवार-रविवार कामासाठी या. हिवाळ्याआधी दर वर्षी सभासद जमतात, डागडुजी करतात, रंग लावतात. अभय त्या आठवड्यात साइटच्या कामाला ख्राइस्टचर्चला होता. मी आमटी ढवळत होते. तुम्ही ओट्याशी येऊन उभे राहिलात.

"माधवी, मला नेशील?"

मी म्हटलं, "दादा, तिथे आराम नाही. ते कामासाठी बोलावतात."

"म्हणून तर."

"अभयला विचारू या."

"तो आला की सांगू," तुम्ही म्हणालात. विचारू नव्हे, सांगू.

आमटीला उकळी आली, मी गॅस बारीक केला. मग हो म्हणाले. सोमवारी तुमच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी सांगितलं, जाऊ द्या, जड उचलायचं नाही, चढायचं नाही, जिभेखाली मारायचा स्प्रे खिशात ठेवायचा आणि दुखलं की थांबायचं. हे सगळं मी केलं. मी आंधळेपणानं नेलं नाही, दादा. डोळे उघडे ठेवून नेलं.

बर्फ नव्हता तेव्हा. उन्हात ते वाळवंट तुमच्या माणदेशासारखंच दिसत होतं, आणि तुम्ही नेमक्या त्या वळणावर म्हणालात, "अजून आळशीच." ईशा मागून ओरडली, "आजोबा, इट्स हीप्स विंडी, द प्लांट्स कान्ट हेल्प इट!" तुम्ही म्हणालात, "ही पण आईच्या पार्टीत गेली." गाडी थांबवायला लावून तुम्ही खाली उतरलात. दगडांच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बाजूला, चिमटीएवढी रोपं धरून होती. ती तुम्ही ईशाला वाकून दाखवलीत. चार हिवाळ्यांत पहिल्यांदाच तुम्ही थोडी माघार घेत होतात, असं मला वाटलं. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर लगेच बदलला असतात. आता वाटतं, तिथल्या तिथे खुंटा बळकट करून घ्यायला हवा होता.

वाळवंटाकडच्या भिंतीवर वारा वाळू फेकून मारतो, त्यामुळे तिकडचा रंग एका वर्षात खरवडला जातो. जोननं भिंतीशी दोन स्टुलं ठेवली होती. एक तुमचं, एक तिचं. "बॉटम बोर्ड्स," ती म्हणाली. खालच्या फळ्या तुम्हा दोघांच्या. तिनं तुम्हाला तब्येतीचं काही विचारलं नाही, मी सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं होतं. फक्त रंगाचा डबा तिनं मध्ये ठेवला, तुम्हाला उचलावा लागू नये म्हणून.

मी खिडक्या पुसत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही तिला आईंबद्दल सांगत होतात. मराठीत. आईंनी तुमच्याशी पहिलं भांडण कशावरून केलं, शेवटच्या आजारात त्या तुम्हाला घरात राहू द्यायच्या नाहीत, स्टँडवर जा म्हणायच्या, ते. मी इतकी वर्षं सून आहे, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आणि जोन तुम्हाला तिच्या नवऱ्याबद्दल सांगत होती, इंग्रजीत. ब्रश चालू होते. तुम्ही "यस, यस" म्हणायचात, ती "ओ, आय नो" म्हणायची, आणि दोघांचं जिथे यायला हवं तिथे यायचं. दूर पलीकडच्या लष्कराच्या हद्दीत सरावाच्या तोफा वाजल्या. तुम्ही म्हणालात, "टायर फुटला कुणाचा तरी." जोन हसली. तिला काय कळलं देव जाणे.

दुपारी एकदा तुम्ही ब्रश खाली ठेवलात. मी खिडकी सोडून धावत आले. तुम्ही म्हणालात, "नुसता वारा भरला." मी नाडी बघितली, स्प्रे मारायला लावला, तुम्हाला भिंतीच्या आडोशाला उन्हात बसवलं. थोड्या वेळानं तुम्ही ठीक झालात. मी म्हटलं, आता पुरे. तुम्ही म्हणालात, "दोन फळ्या राहिल्यात. राहिल्या तर जोनाबाई करेल, आणि मला ते आवडणार नाही." मी पुन्हा नाडी बघितली. आणि तुम्हाला परत स्टुलावर जाऊ दिलं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज ताईंना सांगणार आहे. लपवून बरोबर ठरण्यात काय अर्थ आहे?

परत आलो तेव्हा अभय ख्राइस्टचर्चहून आला होता. त्याला कळल्यावर तो माझ्याशी कडाडून भांडला. तुमच्याशी भांडला नाही, दोन दिवस बोललाच नाही. तुम्ही मला म्हणालात, "लेट आहे, येईल." मग तो बोलायला लागला, गोळ्या घेतल्या का, स्वेटर घातला का, सगळं पूर्वीसारखं. पण तिथलं काही त्यानं विचारलं नाही. तुम्ही सांगायला टपून बसला होतात. जेवताना भिंतीचा विषय निघेल असं काहीबाही बोलून बघायचात. तो आमटी मागायचा. मी तुम्हाला खुणावलं की तुम्हीच सांगा ना. तुम्ही मानेनंच नाही म्हणालात. त्यानं विचारावं अशी तुमची इच्छा होती. बाप-लेक दोघंही हट्टी, तुम्हाला कोण काय शिकवणार!

तुम्हाला पोचवायला जोन आली होती. तिच्या गावाहून बस पकडून, काळा कोट घालून. लोक हार-फुलं घेऊन उभे होते, ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "व्हॉट्स माय जॉब?" मी फुलांचं ताट तिच्या हातात दिलं. ती प्रत्येकासमोर थांबत फिरली. आपल्या मंडळींना ते विचित्र वाटलं, म्हाताऱ्या परक्या बाईला काम सांगितलं म्हणून. मला त्या सगळ्या दिवसात तेवढंच नीट वाटलं होतं.

आता दोन वाजायला आलेत. ताईंची आंघोळ, पूजा आटोपली असेल. फोनचं कार्ड काल आणून ठेवलंय. जाते.

दादा, फोन झाला. घाईत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

फोनआधी अभय समोर येऊन बसला. म्हणाला, "म्हणणार आहेस ना?" मी म्हटलं, "नाही." मला वाटलं आता भांडेल. त्यानं नुसता कार्डावरचा नंबर खरवडून दिला. मग खाली बघून म्हणाला, "त्यांनी मला का नाही विचारलं?"

तर हे होतं पोटात. इतके दिवस मला वाटत होतं, मी नेलं याचा त्याला राग आहे. त्याला दुःख होतं ते तुम्ही त्याला न विचारल्याचं. गोड काहीतरी सांगता आलं असतं. तू कामात होतास, तुला त्रास नको म्हणून. पण तुमच्याबद्दल खोटं मी बोलणार नाही असं ठरवलंय, आणि ते त्यालाही लागू आहे.

"कारण तू बसा म्हणाला असतास," मी म्हटलं.

तो रडला, दादा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. विधी केले, विमानातून अस्थी नेल्या, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी त्याला थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "लाव फोन. स्पीकरवर टाक."

ताईंनी "बोल" म्हटलं, कोरडंच. मी सरळ सुरुवात केली. "ताई, मी दादांना नेलं. त्यांनी मागितलं म्हणून नेलं, डॉक्टरांना विचारून नेलं. दुपारी त्यांना एकदा धाप लागली. मी त्यांना बसवलं, आणि बरं वाटल्यावर पुन्हा काम करू दिलं. तुम्ही माझ्यावर रागवा, मला चालेल. पण चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आज पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा नेईन."

मला वाटलं त्यांनी फोन ठेवला. कार्डाचे पैसे संपले की काय म्हणून मी हॅलो, हॅलो करत राहिले. मग ताईंचा आवाज आला. इतका बारीक, की तो तुमच्या लेकीचा वाटेना.

"त्या दिवशी दादा जेवले का गं?"

सगळं बाजूला राहिलं आणि तेवढंच विचारलं त्यांनी. डिसेंबरपासून दर फोनवर त्या मला हेच विचारायच्या आणि मी दर वेळी म्हणायचे, हो, थोडंसं.

"जेवले, ताई. मी मसुराची आमटी आणि भात केला होता, सगळ्या लॉजला पुरेल एवढा. दोनदा मागून घेतला. नंतर जोननं केलेलं सफरचंदाचं गोड खाल्लं, आणि ताट पुसून झाल्यावर म्हणाले, आमटीत मीठ कमी होतं."

ताई हसल्या आणि रडायला लागल्या, दोन्ही एकदमच. "तोंडानं मागून घेतलं?" त्या विचारत होत्या. "आणखी वाढ म्हणाले?" मी म्हटलं, "हो ताई, आणखी वाढ म्हणाले. ताट पुढे करून."

अभय मान वर करून ऐकत होता. त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं, तर त्याला कळणार कसं? डोळे पुसून त्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई," तो म्हणाला, "शुक्रवारी आम्ही तिघं जातोय. हो, तिथंच. शनिवारी संध्याकाळी तिथून तुला फोन करतो, मला तू माणदेशी आमटी कशी करायची ते सांग. स्वयंपाकाची ड्युटी मी घेतलीय."